टकटक, टिकटिक की घूंऽऽ : जुन्या गाड्यांच्या तीन इलेक्ट्रिक पंपांची पारख

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीसाठी इलेक्ट्रिक पेट्रोल पंप घ्यायला गेलं की खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो तो तासाला किती लिटर याचा. खरेदी फसते ती त्याच आकड्यापायी. साधा हिशोब करून बघा. १०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण ३० लिटर पेट्रोल पितं. ताशी ८० किलोमीटरने निवांत चालली आणि लिटरला १० किलोमीटर दिले, तर त्याच गाडीला तासाला ८ लिटर पुरतात. मग २५० लिटरवाला पंप कशाला? उरलेल्या ताकदीचा उपयोग एकच, फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याच्या, निडलला (पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) सीटवरून उचलणं.

२ मिलिमीटर भोकाच्या सीटवर ३ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), म्हणजे ०.२ बार, दाबाला निडलवर जेमतेम ६ ग्रॅमचा जोर येतो. ७ पीएसआयला तोच जोर १५ ग्रॅमच्या वर जातो. जुना, थोडा जड झालेला पितळी फ्लोट ६ ग्रॅम सहज पेलतो. १५ ग्रॅम पेलताना निडल गळायला लागते, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डच्या दिशेने ओघळतं. ब्रिटिश एसयू कंपनीच्या कार्बोरेटरला अडीच ते ३ पीएसआय पुष्कळ झाले. वेबर डीसीओई कार्बोरेटरला अडीच ते साडेतीन पुरतात. म्हणून इथे पंप जोखताना प्रवाह मागे ठेवला आहे. दाब किती, बिघडतो कसा आणि बिघडला की कशाचं नुकसान करतो, हे तीन प्रश्न महत्त्वाचे.

एसयूचा पॉइंटवाला पंप

मॉरिस मायनर, एमजी, ऑस्टिन-हिली, जग्वार अशा कितीतरी ब्रिटिश गाड्यांत कारखान्यातूनच हा पंप बसून आला. आज तो इंग्लंडमधल्या सॉल्सबरीची बर्लेन कंपनी बनवते. त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती संचही मिळतात, आणि त्याची निम्मी किंमत तिथेच वसूल होते.

काम समजून घेतलं की दोष आपोआप कळतात. कॉइल डायफ्रामला, म्हणजे लवचीक पडद्याला, आपल्याकडे ओढते, टाकीतून पेट्रोल आत येतं. ओढ संपता संपता आतली रॉकरची यंत्रणा पलटी खाते आणि पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडतात. विजेचं काम इथे संपलं. पुढे स्प्रिंग डायफ्रामला ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. दाब ठरतो तो स्प्रिंगवरून, व्होल्टेजवरून नाही. त्यामुळे दाब आवरणारा वेगळा रेग्युलेटर लागत नाही. फ्लोट चेंबर भरलं की डायफ्राम वाटेत थांबतो, पॉइंट उघडेच राहतात, करंट शून्य. तासभर सिग्नलला उभे राहिलात तरी कॉइलला काही होत नाही.

उलट बाजूला मात्र धोका आहे. टाकीकडची जाळी तुंबली, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं किंवा सक्शनचा पाइप चेपला, तर डायफ्रामला पूर्ण ओढ घेता येत नाही. पॉइंट बंद अवस्थेत अडकतात आणि इग्निशन चालू असेपर्यंत कॉइलमधून करंट अखंड वाहतो. एसयू पंप जळाला म्हणून येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा पंपाचा नसतो, पंपाच्या आधीच्या पाइपाचा असतो. नवा पंप बसवायचा आणि टाकीतला गाळ तसाच ठेवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. काही दिवसांनी तोही गरम होतो.

दुसरा दोष पॉइंटचा. कॉइलचा करंट तुटताना ठिणगी उडते, पॉइंटवर खड्डा आणि काजळी धरते. जुन्या पंपांत ही ठिणगी मारायला विशेष काही नव्हतं. पुढे कंडेन्सर आला, मग डायोड आला. साधा डायोड लावलेला पंप एकाच पोलॅरिटीला, म्हणजे तारा एकाच दिशेने जोडल्या तरच, चालतो. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीची पॉझिटिव्ह तार बॉडीला गेलेल्या) गाडीत निगेटिव्ह अर्थचा पंप जोडलात तर डायोड पहिल्याच क्षणी जातो. जुन्या पंपावर स्वतः उपाय करायचा असेल तर दोन्ही दिशांना चालणारा, ३० व्होल्टच्या आसपासचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी गिळणारा भाग) कॉइलच्या दोन टोकांना समांतर जोडावा. पोलॅरिटीची कटकट राहत नाही आणि पॉइंटचं आयुष्य स्पष्टपणे वाढतं. भाग क्षुल्लक किमतीचा, काम मोठं.

तिसरा दोष उभ्या गाडीचा. सहा महिने गाडी हलली नाही की पॉइंटवर ऑक्साइडचा थर बसतो. चावी फिरवली, आवाजच नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या टोकाला हलकेच टिचकी मारली की टकटक सुरू होते. या टिचकीची सवय लागू देऊ नये. बॅटरीची तार काढून टोकाचं काळं झाकण उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी बंद पॉइंटमधून दोन-चारदा ओढा आणि शेवटी एकदा कोरडी पट्टी ओढा. पॉलिश पेपरने घासू नये, त्याचे कण मागे राहतात. टंगस्टनचे पॉइंट खोल खड्डे पडेपर्यंत झिजले असतील तर साफसफाईवर वेळ घालवू नये, संच बदलावा.

पंप पूर्ण खोलणार असाल तर एक इशारा. कॉइलचं घर आणि पंपाचं शरीर यांना जोडणारे ६ स्क्रू काढण्याआधी दोघांवर आडवी खूण मारून घ्या. जुन्या पंपात डायफ्रामच्या लोखंडी चकतीभोवती ११ पितळी रोलर असतात. डायफ्राम घाईने उपसला की ते जमिनीवर पांगतात आणि दहाच सापडतात. नंतरच्या पंपांत त्यांच्या जागी प्लास्टिकच्या गाइड पट्ट्या आहेत, तेवढा ताप कमी.

डायफ्राम परत बसवतानाची जुळणी या पंपाचा प्राण आहे. मोठी स्प्रिंग बाजूला ठेवायची, कॉइलचं घर आडवं धरायचं. डायफ्राम आट्यांवर आत फिरवत जायचा, प्रत्येक थोड्या फेऱ्यानंतर मधोमध ठामपणे पण सावकाश दाबायचं. रॉकर पलटी खायचा थांबेपर्यंत आत घ्यायचा. मग एकेक भोक मागे आणत दाबून बघायचं. रॉकर जिथे जेमतेम पलटी खातो तिथून सर्वांत जवळचं भोक जुळवायचं आणि आणखी ४ भोकं मागे घ्यायची. कडेला ६ भोकं असतात, म्हणजे हा फेर दोन-तृतीयांश झाला. कमी मागे घेतला तर पंप अधूनमधून अडकतो. जास्त घेतला तर प्रत्येक ठोक्याला पेट्रोल कमी जातं. नंतरच्या रॉकरमध्ये पट्टीची उचल सुमारे ०.९ मिलिमीटर आणि रॉकरच्या बोटाची कॉइलच्या घरापासूनची फट सुमारे १.८ मिलिमीटर ठेवतात. बोट वाकवूनच ती जुळते, फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फीलर गेज हाताशी लागतोच. डायफ्रामला गॅस्केट शेलॅक किंवा सिलिकॉन लावू नये. त्याचे तुकडे थेट व्हॉल्व्हखाली जातात.

बर्लेन हाच पंप पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विचसह देते. ऑक्साइडचा प्रश्न संपतो, बाहेरून पंप जुनाच दिसतो. पण हा मात्र पोलॅरिटीबाबत हट्टी आहे, मागवताना अर्थ कोणता ते सांगावंच लागतं. शिवाय रस्त्यात बंद पडला तर टिचकीने चालू होत नाही. गाडी दर आठवड्याला निघत असेल तर पॉइंटवाला घ्या. वर्षातून चारदा निघत असेल तर इलेक्ट्रॉनिक.

आवाजावरून निदान

एसयूची खरी गंमत ही की तो बोलतो. चावी दिली की भराभर ठोके, मग मंदावत मंदावत शांत. ही तब्येत उत्तम. इंजिन बंद, चावी चालू आणि तरी सेकंदाला एक ठोका सतत पडत असेल तर पेट्रोल कुठेतरी जातंय. आधी कार्बोरेटरखाली हात फिरवा. तिथे ओल नसेल तर पंपाचा आतला व्हॉल्व्ह परत सोडतोय. ठोके थांबतच नाहीत आणि वेड्यासारखे पडतात, तर टाकी रिकामी आहे किंवा पंप सक्शनकडून एअर घेतोय. चालत्या गाडीत ठोके हळूहळू मंदावले आणि इंजिन दमलं, तर टाकीचं झाकण उघडा. सूऽऽ करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय.

एअर नेमकी येतेय का, हे बघायची सोपी रीत आहे. कार्बोरेटरकडचा पाइप काढून त्याचं टोक पेट्रोलच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा आणि पंप चालवा. सुरुवातीचे बुडबुडे गेल्यावरही ते येत राहिले तर सक्शनच्या बाजूला गळती आहे. त्याच वेळी मापही घ्या. साध्या चार सिलिंडर गाडीचा चांगला एसयू मिनिटाला सुमारे एक लिटर देतो. मॉरिस मायनरचा कमी दाबाचा पंप त्याहून कमी देतो, तो त्याचा दोष नाही. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, अग्निशामक शेजारी ठेवूनच करायचं.

फॅसेटचा चौकोनी पंप

हातात मावेल एवढा ठोकळा. आत पॉइंट नाहीत. इलेक्ट्रॉनिक सर्किट कॉइलला चालू-बंद करतं आणि पोकळ प्लंजर नळीत पुढेमागे धावतो. इथेही वीज फक्त मागे ओढते, पेट्रोल ढकलते ती स्प्रिंग. त्यामुळे एसयूचा मोठा गुण यातही आहे. फ्लोट चेंबर भरलं की दाब स्प्रिंगपुरताच राहतो, रेग्युलेटरशिवाय चालतं. टिकटिक मात्र बारीक आणि एकसुरी. बॉडीला थेट ठोकला तर केबिनमध्ये कटकट वाटते, रबरी बुशवर बसवला की बरीच दबते. रबरावर बसवल्यावर अर्थची वेगळी तार द्यायची, हे विसरणारे पुष्कळ. पंप चालत नाही म्हणून परत पाठवलेल्या ठोकळ्यांत निम्मे बहुधा अर्थ नसलेले असावेत.

हा पंप वेगवेगळ्या दाबांत मिळतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला दीड ते ४ पीएसआयच्या पट्ट्यातला घ्यावा. ४ ते ७ वाला घेऊन पुढे रेग्युलेटर लावणं म्हणजे आधी चूक विकत घ्यायची आणि मग तिचा इलाज. हुबेहूब दिसणारे, नाव नसलेले ठोकळे बाजारात ढिगाने आहेत. त्यांच्यावर छापलेल्या दाबावर विश्वास ठेवू नये. टी जोडून ० ते १५ पीएसआयचा गेज लावला की दोन मिनिटांत सत्य कळतं. गेज पंपाच्या निम्म्या किमतीत येतो आणि कायम उपयोगी पडतो.

बसवायची जागा टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, सायलेन्सरपासून दूर. पेट्रोल बाहेर पडायचं तोंड वरच्या दिशेला तिरपं, साधारण ४५ अंशांत. म्हणजे आतली वाफ वर निघून जाते. टाकीजवळ बसवण्यामागे कारण आहे. सक्शनच्या पाइपात दाब कमी असतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं आणि व्हेपर लॉक होतो, म्हणजे वाफेने पाइप अडतो. ओढण्याचा पाइप जितका आखूड, तितका हा त्रास कमी.

पंपाच्या आधी ७४ मायक्रॉनची जाळी हवीच. प्लंजर आणि नळी यांतली फट अगदी बारीक, गंजाचा एक कण अडकला की टिकटिक बंद. हा पंप उघडून दुरुस्त होत नाही, फेकायचाच. उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकट लाखेसारखा थर बसूनही तो जाम होतो. महिनाभरापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर टाकीत स्टॅबिलायझर घालून १० मिनिटं इंजिन चालवावं, म्हणजे तो पंपापर्यंत पोचतो. उलट्या तारा जोडल्या तर सर्किट जाण्याची भीती असते. ब्रिटिश गाड्यांत १९६०च्या दशकात पॉझिटिव्ह अर्थ सर्रास होता आणि मधल्या काळात कुणी बदल केलाय की नाही, हे बॉनेट उघडून बॅटरीची कुठली तार बॉडीला गेली आहे ते बघूनच ठरवावं.

ज्या गाडीत मूळचा इलेक्ट्रिक पंप नव्हता, तिच्यासाठी तिघांत हाच उजवा. स्वस्त, छोटा, दाब बेताचा. बंद पडला तर जुना काढून नवा लावायला अर्धा तास.

व्हेन पंप

कार्टर पी४०७० किंवा हॉली रेड हे इथले ओळखीचे मोहरे. आत व्हेन, म्हणजे फिरत्या चकतीतली पाती, पेट्रोल ढकलतात आणि मोटर सतत फिरते, फ्लोट चेंबर भरलं तरी फिरते, जादा पेट्रोल रिलीफ व्हॉल्व्हमधून आतल्या आत घुमत राहतं. म्हणजे आवाज सतत आणि उष्णताही सतत. पी४०७०चा दाब ४ ते ६ पीएसआय, हॉली रेडचा ७ पर्यंत. मोठ्या अमेरिकन व्ही-८ आणि चार बॅरल कार्बोरेटरला ते चालतं. एसयू किंवा वेबरच्या पुढे रेग्युलेटर अनिवार्य. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. टाकीच्या पातळीवर किंवा खालीच बसवावे लागतात. कोरडे चालले की व्हेन झिजतात, पाणी साचलं की गंजून रुततात. पोलॅरिटी उलटी झाली तर मोटर उलटी फिरते, आवाज येतो, पेट्रोल येत नाही. कागदी बारीक फिल्टर त्यांच्या आधी लावू नये, सक्शन गुदमरतं. आधी जाड धातूची जाळी, बारीक फिल्टर नंतर.

लहान युरोपियन गाडीत हा पंप घालायचं कारण आम्हाला तरी सापडत नाही.

पंपाभोवतीचा जोडधंदा

खरी रक्कम इथे घालावी. उत्तम पंप नुसता इग्निशनच्या तारेला टाचला तर तो गाडीसाठी धोका आहे. अपघात झाला, पाइप तुटला, चालक बेशुद्ध, चावी चालूच. पंप आपलं काम इमानेइतबारे करत राहतो आणि टाकी रस्त्यावर रिकामी होते.

पहिली गोष्ट रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या टर्मिनलांवर नंबर असतात. बॅटरीपासून फ्यूजमधून ३० नंबरला, ८७ वरून पंपाला, ८६ ला इग्निशन, ८५ अर्थ. ठोकळ्या पंपाला ५ ते साडेसात अँपिअरचा फ्यूज, व्हेन पंपाला १० ते १५. फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा, पंपाजवळ नाही. मधली लांबलचक तार घासून शॉर्ट झाली तर तिलाच वाचवायचं असतं. तार पहिल्याला दीड चौरस मिलिमीटर, दुसऱ्याला अडीच. जोडणीनंतर पंप चालू असताना बॅटरीवर आणि पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थ किंवा एखादा जुना जोड सैल आहे. मंद पंप बदलण्याआधी ही मोजणी करावी, बरेचदा पंप निर्दोष सुटतो.

दुसरी, इनर्शिया स्विच. आत एक पोलादी गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असते. धक्का बसला की ती सुटते आणि सर्किट तुटतं. वरचं बटण दाबलं की पूर्ववत. तो उभाच आणि घट्ट बसवायचा, पत्र्याच्या थरथरत्या कोपऱ्यात नाही, आणि चालकाचा हात पोचेल अशा जागी. ८६ नंबरच्या तारेत जोडला की पुरे. बसवल्यावर काढून हाताच्या तळव्यावर जोरात आपटून एकदा तपासा. सुटला नाही तर शोभेची वस्तू आहे.

पण हा स्विच फक्त धक्क्याला ऐकतो. इंजिन नुसतं बंद पडलं आणि चावी चालू राहिली, तर त्याला पत्ता नसतो. त्यासाठी इग्निशन कॉइलचे स्पंद ओळखणारा रिले मिळतो. चावी दिल्यावर दोन-एक सेकंद पंप चालवतो, मग स्पंद आले तरच चालू ठेवतो. पॉझिटिव्ह अर्थला वेगळा मागवावा लागतो. स्वस्तातला पर्याय ऑइल प्रेशर स्विचचा, पण मग स्टार्टरच्या तारेतून एक बगलवाट द्यावी लागते, नाहीतर रिकामं फ्लोट चेंबर कधी भरणारच नाही.

तिसरी, पाइप. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून फुगवतं, मग त्याचे काळे तुकडे सुटतात आणि जाळीत जाऊन बसतात. पाइपावर एसएई जे३०आर९ छापलेलं बघून घ्या, आर६ चालणार नाही. डायफ्राम आणि व्हॉल्व्हही इथेनॉल सोसणाऱ्या संचातले हवेत. भोकं पाडलेल्या पट्टीचे क्लिप रबर कापतात, गुळगुळीत पट्टीचे, बोल्टने आवळायचे घ्यावेत.

आणि एक चूक, जी जाणतेही करतात. इंजिनवरचा मूळ मेकॅनिकल पंप तसाच ठेवून त्याच्या मागे इलेक्ट्रिक जोडणं. मेकॅनिकल पंपाचा जुना डायफ्राम फाटला की इलेक्ट्रिक पंप पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये ढकलतो. ऑइल पातळ होतं, बेअरिंग जातं, वर वाफेचा धोका. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालवूच नये. मेकॅनिकल पंप काढून तिथे ब्लँकिंग प्लेट आणि गॅस्केट लावावं.

निवड करायची तर अशी. मूळचा एसयू असेल तर तोच ठेवा, डायफ्राम, व्हॉल्व्ह आणि पॉइंटचा संच घालून. मूळचा नसेल तर फॅसेट, कमी दाबाचा. व्हेन पंप मोठ्या इंजिनसाठीच. हात राखूनच खर्च करायचा झाला तर पंप स्वस्तातला चालेल, गेज, रिले, इनर्शिया स्विच आणि आर९ पाइप मात्र नको म्हणू नका. लांबच्या प्रवासाला डिकीत एक फॅसेट, दोन मीटर पाइप, चार क्लिप आणि ८ मिलिमीटरचा एक जोड ठेवलात तर कुठलाही पंप गेला तरी गाडी घरी येते.